कासवाच्या शिक्क्याची शाई

एकदा काय झालं, चीन देशात वाघाचं वर्ष चालू होतं. तिथे वर्षांना जनावरांची नावं असतात, बरं का. हसू नका. शरद ऋतू संपत आला होता. नदीवर धुकं धरलं होतं.

नदीकाठी शेन नावाचा म्हातारा राहायचा. सुंदर अक्षर काढायचा आणि खाली आपल्या नावाचा शिक्का मारायचा. शिक्का दगडाचा, माथ्यावर कासव. ते त्यानंच कोरलेलं. कासवाचे डोळे कोरता कोरता त्याची स्वतःची नजर अधू झाली.

त्या देशाची एक रीत. घरात सुख असेल तर शिक्का लाल, हिंगूळ वाटून केलेल्या शाईचा. घरात सुतक असेल तर निळा.

शेनच्या नातीचं, मेईचं, लग्न ठरलेलं. लग्नाचा कागद न्यायला संध्याकाळी व्याह्यांचा माणूस येणार. पण मेईचा बाप, म्हणजे शेनचा मुलगा, वसंतात होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. आहे की गेला, कुणाला ठाऊक नाही. लाल मारावा तर मेलेल्याचा अपमान. निळा मारावा तर जिवंत मुलाला मारल्यासारखं, वर लग्नही थांबणार.

"आजोबा, अक्षरं वाळलीसुद्धा," मेई म्हणाली.

"गप बस. विचार करतोय."

"सकाळपासून करताय."

मग त्यानं चिठोऱ्यावर लाल मारून पाहिला. उमटला निळा. मग निळा मारला. उमटला लाल. मग दोन्ही शाया कालवून मारला. कागद कोरा. गोंधळलात? तोही गोंधळला.

"मला काही कळत नाही," म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला.

मग दगडावरचं कासव बोललं. "मलाही नाही. बघून येतो. हे डोळे तुझे. त्यांचं देणं आहे माझ्याकडे." ते खाली उतरलं आणि नदीत शिरलं.

आता आडवे व्हा. डोळे मिटा, मगच पुढचं.

संध्याकाळी व्याह्यांचा माणूस दारात आला, तोच काठाला होडी लागली. होडीत मेईचा बाप, दाढी छातीपर्यंत.

"वाट चुकून बेटाबेटांनी भटकत होतो," तो म्हणाला. "आज धुक्यात एक कासव पुढे पोहताना दिसलं. त्याच्या मागे आलो."

कासव दगडावर परत येऊन बसलं होतं. शेननं लाल शाई घेतली, शिक्का दाबला. लालच उमटला. लग्न झालं, सगळी सुखात राहिली.

म्हाताऱ्याला नदीचा पलीकडचा काठ स्वच्छ दिसू लागला. कासवाचे डोळे मिटलेले होते. देणं फिटलं.