कंठमुद्रा

“...पण मग पेटी मला मिळणार तरी कधी, बाबा?”

भालचंद्रचा आवाज चढला. मठात आवाज चढवायचा नसतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण सोसायचं म्हणजे माणसानं सोसायचं तरी किती!

मुकुंदबाबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुझं काय शिकायचं राहिलंय?”

“तेच म्हणतोय मी! काहीच राहिलं नाही. भाजलं तर गार पाण्याची धार धरायची, हळद नाही, टूथपेस्ट नाही. नाकातून रक्त आलं तर मान मागं टाकायची नाही, पुढं झुकवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तीर्थसुद्धा घालायचं नाही, त्याला कुशीवर वळवायचं. साप चावला तर दोरी आवळायची नाही, हात-पाय हलू द्यायचे नाहीत, मांत्रिकाकडं जायचं नाही, थेट दवाखाना. छाती दाबायची वेळ आली तर...”

“बरं, बरं.” बाबांनी एक दाणा तोंडात टाकला. “माझ्या घशात घास अडकलाय. पाठीत रट्टा घाल.”

झालं! पुन्हा आपलं तेच.

भालचंद्रनं कपाळाला हात लावला.

मठ घाटमाथ्यावर. दवाखाना पार खाली तालुक्याला. यात्रेत कुणी चुलीपाशी भाजायचं, कुणी पायऱ्यांवरून गडगडायचं, कुणी उन्हानं आडवं व्हायचं. म्हणून बाबांनी गाभाऱ्याबाहेर खुंटीला प्रथमोपचाराची एक लाल पेटी टांगून ठेवली होती. पेटी ज्याच्या खांद्यावर, यात्रेतले जीव त्याच्या हवाली.

आणि ती पेटी भालचंद्रला हवी होती. का नसावी? कॉलेजातली प्राध्यापकी सोडून तो मठात आला होता. तालुक्याला जाऊन प्रथमोपचाराचा वर्ग करून आला होता, पहिल्या नंबरानं. बाकीच्या शिष्यांना बँडेज धड गुंडाळता येत नव्हतं. त्यांना हाच शिकवायचा, आणि त्यांच्यासमोर बाबा त्याला रोज म्हणायचे, पाठीत रट्टा घाल!

घालणार कसा? या मठात गुरूच्या पायांना हात लावायचा. पायांच्या वर बोट लावायचं नाही. थोरल्या महाराजांपासूनची रीत.

“मी यावर पुष्कळ चिंतन केलंय बाबा,” तो जरा नरमाईनं म्हणाला. “घास म्हणजे अहंकार. तो गळ्याशी अडकतो. आणि रट्टा म्हणजे...”

“घास म्हणजे घास रे!” बाबा करवादले. “भाकरीचा. आणि पाठ म्हणजे ही.” त्यांनी चक्क त्याच्याकडं पाठ फिरवली. “दोन खांद्यांच्या मध्ये. तळहाताच्या टाचेनं, मनगटाकडच्या भागानं. घाल.”

भालचंद्र बघत राहिला. त्या पाठीवर एक माशी बसली होती. तीसुद्धा त्याला हाकलवेना.

त्यानं वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“आपल्यावर हात कसा उचलू?”

“मग पेटी कशी उचलशील?”

बाबा पुन्हा शेंगा फोडू लागले. भालचंद्र पाय आपटत निघून गेला. असला गुरू शत्रूलाही मिळू नये, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या महाराजांची पुण्यतिथी होती.

सभामंडपात पंगत बसली. भिंतीवर थोरल्या महाराजांची ती मोठी तसबीर होती. महाराज पानावर बसलेले. डोळे वर लागलेले. एक हात स्वतःच्या गळ्याशी. समोर शिष्य हात जोडून बसलेले, आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: ‘कंठमुद्रेत समाधिस्थ.’

महाराजांनी जेवता जेवता देह ठेवला, असं मठात अभिमानानं सांगत. गुरू उठल्याशिवाय पंगतीतून उठायचं नाही, ही इथली शिस्त. ती त्या दिवशीही कुणी मोडली नाही. एक शिष्य जागचा हलला नाही म्हणे! तरुण मुकुंदबाबाही होते त्या पंगतीत. पण ते त्याविषयी कधी बोलत नसत. पुण्यतिथीला तर ते दिवसभर गप्पच असायचे.

पानात गव्हाची खीर होती, खोबऱ्याचे काप घातलेली. भालचंद्र बाबांच्या समोरच्या रांगेत बसला होता. कालचा राग अजून उतरला नव्हता, म्हणून तो मुद्दामच बाबांकडं बघत नव्हता.

बघितलं तेव्हा बाबांचा घास थांबला होता.

ठसका नाही. आवाज नाही. एक हात पानावर तसाच, आणि दुसरा गळ्याशी.

हात्तिच्या! भालचंद्रच्या मनात आलं. आता भर पंगतीत परीक्षा! काल ओसरीवर झालं ते पुरलं नाही वाटतं!

तो चिडून खिरीत बोटं फिरवत बसला.

“कंठमुद्रा...” शेजारी रंगनाथ पुटपुटला. रंगनाथ शिष्यांत सर्वांत वडील. त्याचे डोळे पाण्यानं भरले. त्यानं खरकटे हात तसेच जोडले. “अहो, कंठमुद्रा लागली बाबांना! आजच्याच दिवशी!”

बघता बघता सगळ्या पंगतीनं हात जोडले. कुणीतरी नामाचा गजर धरला. टाळ्या सुरू झाल्या.

बाबांचं तोंड लाल झालं. मग ओठ काळेनिळे पडू लागले. डोळे मोठे झाले, पाण्यानं भरले, आणि सगळी पंगत सोडून ते एकट्या भालचंद्रवर येऊन थांबले.

खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर...

वर्गात हे त्यानंच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. घास अडकलेल्या माणसाचा हात आपोआप गळ्याशी जातो, हेही त्यानंच सांगितलं होतं.

त्यानं तसबिरीकडं बघितलं. मग बाबांकडं. मग पुन्हा तसबिरीकडं.

तोच हात. तिथंच.

“अरे देवा!”

तो उठला. पान लवंडलं, खीर सांडली. तो पानं तुडवतच पलीकडं झेपावला.

“भालचंद्र!” रंगनाथ ओरडला. “खाली बस! बाबा उठले नाहीत अजून!”

“उठायचे नाहीत आता ते!”

त्यानं एका हातानं बाबांच्या छातीला आधार देऊन त्यांना पुढं वाकवलं. दुसरा हात वर नेला. आणि तो हात तिथंच थिजला. गजर चालूच होता. त्यानं डोळे मिटले आणि हात खाली आणला.

पाठीवरची धूळ झटकावी, तसा. काही झालं नाही.

पुन्हा मारला. तसाच.

बाबांची मान लुळी पडू लागली.

“मार ना शहाण्या!” तो स्वतःवरच खेकसला. आणि मग मारलं त्यानं. खरंच मारलं. मंडपात आवाज घुमला. पुन्हा एकदा, त्याहून जोरात.

खोबऱ्याचा काप बाबांच्या तोंडातून पानात पडला.

बाबांनी श्वास ओढला. ऐकवत नव्हता तो आवाज. मग खोकला, मग पुन्हा श्वास. ओठांवर हळूहळू रंग आला.

गजर थांबला होता.

“गुरूवर हात टाकलास...” रंगनाथ म्हणाला. “पंगत मोडलीस! तीही थोरल्या महाराजांच्या तसबिरीसमोर!”

भालचंद्र सांडलेल्या खिरीतच बसला. तळहात अजून झिणझिणत होता. त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हमसाहमशी रडू लागला.

“पाप झालं बाबा... माझ्या हातून पाप झालं...”

बाबा बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले.

“पहिले दोन हळू होते,” शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“याला प्रायश्चित्त सांगा, बाबा,” रंगनाथ म्हणाला.

बाबांनी वर तसबिरीकडं बघितलं. गळ्याशी गेलेल्या त्या हाताकडं. मग त्याच्यासमोर हात जोडून बसलेल्या एकेका शिष्याकडं.

“हे पाप करणारा,” ते म्हणाले, “त्या पंगतीत एकही निघाला नाही.”