बांधावर झोपलेले साळिंदर

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते आणि त्या रानात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, तिथे पाण्याचा ओढा एकच. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून सगळी जनावरे मिळून त्याला मातीचा बांध घालत. पहाटे रानकोंबडा आरवला की सगळ्यांनी बांध लिंपायला जमायचे. जो लिंपेल त्यालाच पाणी, असा नियम होता. साळिंदरही येई. पण ओल्या मातीचा गोळा हाती घेतला की त्याचे डोळे मिटत आणि ते तिथेच घोरू लागे.

"काय साळिंदरराव, सासुरवाडीला आलात काय?" माकडाने एकदा विचारले.

"लवकर निजून पाहिले रे. डोळ्यांवर पाणी मारून पाहिले," साळिंदर म्हणाले. "पण उजाडले की झोप येते आणि अंधारले की जाग. माझे अंगच तसे आहे."

"आळसाला निमित्त बरे सापडले," रानकोंबडा म्हणाला. "उद्या डुलकी लागली तर तुझे पाणी बंद."

वैशाख होता. दुसरे पाणी दोन डोंगरांपलीकडे. साळिंदर बिळात गेले.

इकडे बांध रोज सकाळी गळका सापडे, कारण रात्री खेकडे तो पोखरत. "आज मी राखण करतो," म्हणून रानकोंबडा संध्याकाळी छाती काढून बांधावर बसला. सूर्य बुडाला, तशी त्याची मान पंखात गेली.

अंधार पडल्यावर साळिंदर ताजेतवाने होऊन बाहेर आले, तर पाणी झुळझुळताना ऐकू आले. बांधाला मोठे भोक पडले होते. त्याने रानकोंबड्याला हलवले, पण तो काही उठेना. मग साळिंदराने नखांनी माती उकरली आणि भोक बुजवले. एक बुजवावे तर दुसरे गळे. ते काटे फुलवून खेकड्यांवर धावले आणि पहाटेपर्यंत एकटेच खपले. शेवटचे भोक बुजवून तिथेच आडवे झाले.

रानकोंबडा आरवला. जनावरे जमली. "आज तर हा आपल्या आधीच येऊन झोपला," माकड हसले.

म्हातारे कासव मात्र बांधावरून सावकाश चालत गेले. "जागोजागी ताजी माती आहे," ते म्हणाले. "आणि मातीवर या नखांच्या खुणा कुणाच्या, ते पाहा. कोंबड्या, तू कुठे होतास?"

"मला सूर्य बुडताच झोप लागली."

"मग तुलाही आळशी म्हणायचे का?"

रानकोंबड्याने मान खाली घातली. मग तो बांधावर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "दिवसाची राखण माझी, रात्रीची साळिंदराची. पाणी पहिले त्याला."

त्या साली पाऊस येईपर्यंत बांध काठोकाठ भरलेला राहिला. माकडाने झोपलेल्या साळिंदरावर पळसाच्या पानांची सावली केली. आणि रानकोंबडा अजूनही पहाटे आरवताना साळिंदराची झोप मोडू नये म्हणून त्याच्या बिळाकडे पाठ करूनच आरवतो.

तात्पर्य : प्रत्येकाची जागण्याची वेळ निराळी असते, झोपलेल्याला आळशी म्हणण्याआधी तो जागा असताना काय करतो ते पाहावे.