शंभर धोंड्यांची रास

ही फार फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर कान देऊन ऐकावी, कारण ही चूक थोरांच्या हातूनच जास्त होते.

एका राज्यात पाणी थोडं आणि गावं फार. उन्हाळ्यात राजाच्या तळ्याचं पाणी एकाच गावाला पुरायचं. म्हणून राजानं रीत घातली होती. चैत्रात प्रत्येक गावानं एक धावणारा पाठवावा. बारा कोस धावून जो पहिला येईल, त्याच्या गावाकडे पाट सुटेल. बाकीच्यांनी गुरंढोरं घेऊन दूर नदीकाठी जावं.

डोंगराखालच्या एका गावानं मेंढपाळाच्या लेकीला निवडलं. तिला आई नव्हती. घरात ती आणि गुडघ्यांनी अधू झालेला म्हातारा बाप. गावाचा नेम असा, की निवडलेल्यानं शंभर दिवस रोज पहाटे डोंगरमाथ्यापर्यंत धावत जावं आणि पायथ्याचा एक धोंडा वर नेऊन ठेवावा. शंभर धोंड्यांची रास झाली, की तयारी झाली.

पहिल्या दिवशी ढोल वाजले, बायकांनी तिला ओवाळलं. चौथ्या दिवशी चार पोरं उरली आणि दहाव्या दिवशी कुत्रंही फिरकलं नाही. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज धावे त्याला कोण पाहे!

एका गारठ्याच्या पहाटे तिचे पाय भरून आले होते. तिनं कूस बदलली आणि ठरवलं, ‘उद्या दोन धोंडे नेईन.’ दुसऱ्या दिवशी तिनं खरंच दोन नेले. रास बरोबर भरली, कुणाला काही कळलं नाही. पण सवलतीला बोट दिलं की ती मनगट धरते. दोनाचे तीन झाले, तिनाचे पाच. एवढं ओझं घेऊन धावता येईना, म्हणून ती चालतच वर जाऊ लागली.

“आज नाही गेलीस, पोरी?” बाप विचारी.

“मन लागत नाही, आबा.”

“मन लागेल तेव्हाच गेलो असतो, तर माझी मेंढरं उपाशी मेली असती गं.”

ती हसली आणि तिनं घोंगडी डोक्यावर ओढली.

शर्यतीच्या दिवशी आठ कोस ती सगळ्यांच्या पुढे होती. नवव्या कोसाला पायांत गोळे आले. एकेक जण तिला मागे टाकून गेला. पाट दुसऱ्याच गावाकडे सुटला.

गावानं तिला बोल लावला नाही. लोक म्हणाले, “रास शंभराची भरली आहे. तू काहीच कमी केलं नाहीस, पोरी. आपलं नशीबच फुटकं.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खरं सांगायला तिचं तोंड उघडेना.

वैशाखात गाव निघालं. नदी सात दिवसांच्या वाटेवर. बापाला चालवेना, म्हणून लेकीनं त्याला पाठुंगळी घेतलं. तिसऱ्या दिवशी ऊन असह्य झालं. मशकीत घोटभर पाणी होतं, तेही तिनं त्यालाच पाजलं. आणि चालता चालता ती रडू लागली.

“आबा, मी धावलेच नव्हते. निम्मे दिवस झोपून काढले.”

म्हाताऱ्यानं तिच्या केसांवर हात फिरवला.

“तुझे पाय दुखत असतील,” तो म्हणाला. “मला जरा खाली ठेव.”

तिनं त्याला एका झाडाखाली ठेवलं. तिथून तो उठला नाही.

पुढच्या वर्षी लेकीनं गावापुढे खरं सांगितलं आणि धाव पुन्हा मागून घेतली. मन लागो न लागो, ती रोज गेली. चैत्रात ती पहिली आली. गावात पाट आला, बायका हसत घागरी भरू लागल्या. तिनं पहिली ओंजळ भरली, दक्षिणेकडे तोंड केलं आणि बापाच्या नावानं ते पाणी मातीत सोडलं.

तात्पर्य: उमेद हा पाहुणा आहे, आज येतो नि उद्या जातो, घर चालतं ते रोजच्या नेमावर.