सरकारांची गाडी आणि अर्धं लिंबू

"साडेसात सेकंद!" उंबरगडचे रणधवलराजे गरजले. "आणि त्या बजाजीरावाची सहा! गाडी तीच, रंग तोच, कारखाना तोच! मग आमचीच का रखडते?"

बजाजीराव म्हणजे राजेसाहेबांचे मेहुणे. दोघांनी एकाच महिन्यात एकसारख्या लाल स्पोर्ट्‌स गाड्या घेतल्या होत्या. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर आपोआप बदलायचे. क्लच नाहीच. पाय दाबला की पळाली! शून्यापासून शंभरच्या वेगाला पोचायला किती सेकंद लागले, हेही समोरच्या पडद्यावर आपोआप उमटायचं. त्यामुळे आकड्याशी हुज्जत घालायची सोय नव्हती.

मागच्या खेपेला बजाजीराव जाता जाता म्हणाले होते, "दाजी, गाडी घेतलीत की वरातीतली घोडी?"

ते राजेसाहेबांच्या जिव्हारी लागलं. पुण्याहून मेकॅनिक आले. त्यांनी चाकांतली हवा पाहिली, इंजिन तपासलं, आणि "गाडी ठणठणीत आहे" असं सांगून चहा पिऊन गेले.

ड्रायव्हर सिदरामला खरं कारण ठाऊक होतं. त्याने एकदा हळूच तोंड उघडलंही होतं, "सरकार, आपला डावा पाय..."

"आमचा पाय?" राजेसाहेब उसळले. "चाळीस वर्षं जीप चालवली आम्ही! डोंगरावर चालवली, नदीतून चालवली! आता नीट ऐक. रविवारी बजाजीराव येतोय. त्याच्यापुढे आमची गाडी सहाच्या आत आली पाहिजे. गाडीचा एक स्क्रूही फिरवायचा नाही. चालवणार आम्हीच. आणि आमच्या पायाबद्दल जो एक शब्द बोलेल, तो सोमवारपासून ट्रॅक्टरवर! जमलं नाही तरी ट्रॅक्टरवर!"

सिदराम घरी आला तो तोंड पाडूनच. त्याची बायको शेवंता भाकऱ्या थापत होती.

"गाडीला हात लावायचा नाही, चालवणारा बदलायचा नाही, आणि बोलायचंही नाही," तो म्हणाला. "आता काय देव पाण्यात घालून बसू?"

"पण होतं तरी काय?"

"सरकारांचा डावा पाय जुन्या सवयीनं क्लच शोधतो गं. या गाडीत क्लचच नाही, मग ब्रेकवर पडतो. गाडी उडी मारते, की यांचा पाय तिला मागं ओढतो!"

"अगं बाई! म्हणून का पळता पळता मागचा लाल दिवा डोळा मारतो? मला वाटलं, गाडीलाच हसू आवरत नाही!"

शेवंता पदराने तोंड दाबून हसली. मग भाकरी उलटत म्हणाली, "जेवा गुपचूप. रविवारी मी येते तुमच्यासंगं."

रविवारी संस्थानच्या जुन्या धावपट्टीवर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. बजाजीरावांनी आधी आपली पळवली. आकडा उमटला सहा. ते मिशीवर हात फिरवत उतरले. "या दाजी! सावकाश या. आम्ही तोवर डुलकी काढतो!"

राजेसाहेब दात-ओठ खात गाडीत बसले. तेवढ्यात शेवंता पुढे झाली. तिच्या हातात केळीचं पान होतं, पानावर कुंकू लावलेलं अर्धं लिंबू.

"सरकार, नव्या गाडीला लिंबू लावायचं राहून गेलंय."

"आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही!" राजेसाहेब म्हणाले. मग मेहुण्याकडे एक नजर टाकून हळूच विचारलं, "कुठं बांधायचं?"

"बांधायचं नाही. ब्रेकपासून लांब, त्या डाव्या कोपऱ्यात पानावर ठेवायचं आणि त्यावर डावा पाय नुसता टेकवायचा. पाय उचलला तर गुण गेला. जोरात दाबून रस गळला, तरी गेला!"

"एवढंच? ठेव!"

राजेसाहेबांनी डावा पाय लिंबावर असा टेकवला, जसा झोपलेल्या वाघावर टेकवावा. सगळं लक्ष तिकडे. उजव्या पायाने त्यांनी पेडल तळापर्यंत दाबलं, आणि गाडी अशी सुटली की बजाजीरावांचा फेटा सुटला! मागचा लाल दिवा एकदाही लागला नाही. सिदराम डोळे मिटूनच उभा होता.

"किती?" बजाजीराव धापा टाकत गाडीपाशी पोचले.

पडद्यावर आकडा होता, पावणेसहा!

"पावणेसहा!" राजेसाहेब गाडीतून उतरून नाचायचेच बाकी राहिले. "बजाजीराव, झाली का डुलकी? शेवंता! मंत्र कोणता घातला होतास लिंबात?"

"मंत्र कसला सरकार? कालवणात पिळायला आणलेलं लिंबू ते."

राजेसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी वाकून गाडीतल्या लिंबाकडे पाहिलं, ब्रेकच्या पेडलकडे पाहिलं, मग सिदरामकडे. भुवया जवळ आल्या.

"म्हणजे आमचा पायच चुकत होता, असं म्हणायचंय तुला?"

सिदरामला डोळ्यांपुढे ट्रॅक्टर दिसू लागला.

"छे छे सरकार!" शेवंता म्हणाली. "पाय कसा चुकेल? चाळीस वर्षांचा इमानी नोकर तो! क्लच गेला हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि सरकारांच्या पदरचा नोकर रिकामा कसा बसेल? दिसेल ते काम करत होता बिचारा. मी त्याला फक्त लिंबाच्या पहाऱ्यावर बसवलं!"

मग राजेसाहेब असे हसले, की गाडीला टेकावं लागलं. हसता हसता डोळे पुसत ते म्हणाले, "सिदराम, ट्रॅक्टर वाचला तुझा! नाही, तू वाचलास! शेवंता, बोल, काय हवं ते माग!"

शेवंता लाजली. "सरकार, लग्नानंतर मी माहेरी गेले ती दर वेळी एसटीत उभ्यानं."

"घ्या किल्ली!" राजेसाहेबांनी ती सिदरामच्या हातावर ठेवली. "हिला याच गाडीतून माहेरी नेऊन आण. पाच दिवस राहा. आणि वेशीतून आत शिरताना हॉर्न जोरात वाजव!"