बंडीच्या आतला ताईत

“देवळातला तो ताईत म्हणे आतून…”

एवढंच सगुणाबाईच्या कानावर पडलं आणि विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. ती आली की त्या गप्प व्हायच्याच. प्रत्येक गावात एक तरी सगुणाबाई असतेच, आणि या गावची सगुणाबाई तर कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते धुरावरून सांगायची. अर्धी बातमी ऐकवून तिला सोडणं म्हणजे जेवत्या माणसाला पानावरून उठवणं.

ताईत होता तांब्याचा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. गावदेवीच्या देवळात तो खुंटीला लटकत असे. ज्याच्या घरी दुखणं किंवा संकट येईल त्यानं तो काढून न्यावा, गळ्यात बांधावा, आणि निभावलं की परत आणून ठेवावा. गुरवाला विचारायचंही कारण नसे. फार जुनी रीत होती ती.

सगुणाबाई तडक देवळात गेली. बघते तर खुंटी मोकळी. मग तिनं उभ्या गावाच्या माना न्याहाळल्या. ताईत कुणाच्याच गळ्यात दिसेना. असं तर कधी झालं नव्हतं.

राहता राहिला तिचा शेजारी, रायाजी कुंभार. तो भारी मानी. सगुणाबाई दिसली की अंगणाचं फाटक ओढून घ्यायचा. गळ्यात ताईत बांधणाऱ्यांची तर चेष्टाच करायचा. म्हणायचा, गळ्यात डबी अडकवून दुखणं पळालं असतं तर वैद्य उपाशी मेले असते. लोकही मग हसायचे, आणि ज्याला तो म्हणायचा तो मान खाली घालायचा.

आज मात्र रायाजीचं चाक थांबलेलं होतं. चुलीला धूर नव्हता. जना, त्याची बायको, पाण्याला आली नव्हती. आणि चैत्राच्या त्या उन्हात रायाजी गळ्यापर्यंत बंडीच्या गुंड्या लावून ओट्यावर बसला होता. सगुणाबाईनं फाटक ढकललं आणि सरळ आत गेली.

“वहिनी, तुम्हाला काय करायचंय?” रायाजी म्हणाला. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

“काही नाही, भाऊजी. उकाड्यात एवढ्या गुंड्या कशाला, तेवढं विचारायला आले.”

रायाजीनं मान फिरवली. तेवढ्यात आतून जनाचं कण्हणं ऐकू आलं, आणि मग त्याचा बांधच फुटला. जना तापानं फणफणली होती. पोटात पाणीही ठरत नव्हतं. तिला एकटं टाकून पलीकडच्या गावच्या वैद्याला आणायला जावं कसं, आणि कुणाला सांगावं तरी कोणत्या तोंडानं? एवढी चेष्टा करून शेवटी तोही गुपचूप देवळात गेला होता. बंडीच्या आत ताईत बांधला होता, पण ताप उतरायचं नाव घेत नव्हता.

“गुण संपला त्याचा,” तो म्हणाला.

सगुणाबाईनं पुढे होऊन त्याची वरची गुंडी काढली आणि ताईत ओढून बंडीवर आणला.

“तो देवीला दाखवायला नसतो, भाऊजी. तिला तसंही दिसतंच. तो आम्हाला दाखवायला असतो.”

मग तिनं रायाजीला ताईत तसाच बंडीवर ठेवून विहिरीपर्यंत पाणी आणायला पाठवलं, आणि स्वतः जनाच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून बसली. रायाजी परत आला तो एकटा नव्हता. ज्याची त्यानं सगळ्यात जास्त टर उडवली होती, त्या विठूनं न विचारताच बैल जुंपले आणि वैद्याला आणायला गाडी हाकली. कुणी तांदळाची पेज आणली, कुणी घर झाडून घेतलं. कुणी एका शब्दानं टोमणा मारला नाही. रायाजीला तेच जास्त लागलं.

वैद्यानं औषध दिलं, बायकांनी पाळीपाळीनं उशाशी बसून ते पाजलं, आणि जना उठली.

ताईत परत करायला रायाजी गेला तेव्हा सगुणाबाईही मागोमाग गेली. अर्धी बातमी अजून तिला चैन पडू देत नव्हती. गुरवाच्या सुनेनं ती पुरी केली. दोरा बदलताना तिनं पाहिलं होतं, ताईत आतून रिकामा होता. आतलं काय ते कधीच पडून गेलं होतं, आणि म्हणून त्याचा गुणही गेला, असं तीच विहिरीवर सांगत होती.

रायाजीनं ताईत हलवून पाहिला. आत खरंच काही नव्हतं.

“रिकामा आहे, एवढं खरं,” तो म्हणाला. “पुढचं खोटं.” आणि त्यानं दोन्ही हातांनी तो खुंटीला टांगला.

त्यानंतर त्याच्या ओट्यावर सगुणाबाईसाठी एक पाट कायम मांडलेला असे. तिनं काही विचारलं की तो आधी तिला नव्या माठातलं गार पाणी देई, आणि मग सगळं सांगे.

तात्पर्य: दुखणं झाकून ठेवलं तर ताईतही उपयोगी पडत नाही. आपली विचारपूस करणारी माणसं हीच खरी राखण. त्यांचा राग धरू नये, उपकार मानावेत.