पणजोबांचं दार

"धाड्!"

आडगडच्या महाराजांचं डोकं दरबाराच्या चौकटीवर पुन्हा आपटलं. सकाळपासून किती वेळा, ते विचारायची कुणाची हिंमत!

हे दार महाराजांच्या पणजोबांनी करवून घेतलेलं. पणजोबा मोठे पराक्रमी, पण ठेंगणे. पगडी घालून ताठ मानेनं आत जायचे. महाराजांना उंची मिळाली आजोळची आणि राजवाडा मिळाला पणजोबांचा. मग दुसरं काय होणार?

दार उंच करावं, असं तुमच्याआमच्या मनात येईल. पण आडगडात तसं बोलायचीही चोरी! गाव जुनं, आणि गावाला त्या जुनेपणाचा भलता अभिमान. पणजोबांच्या काळातली एक वीट हलवायची नाही, असा कायदाच होता. कौल फुटलं तर नवं बसवायचं नाही, तितकंच जुनं फुटकं कौल शोधून आणायचं. जळमटंसुद्धा पणजोबांच्या वेळची, म्हणून झाडायची नाहीत. घरोघरची दारंही तशीच बुटकी. परगावच्या बाजारात कुणाच्या कपाळावर टेंगूळ दिसलं की लोक ओळखायचे, हा आडगडचा!

त्या दिवशी मात्र महाराजांनी कपाळ चोळत हुकूम सोडला.

"राजवाडा नव्यानं सजवा! खर्चाची पर्वा नाही. आमचं डोकं आपटता कामा नये. पण दाराला, फरशीला धक्का लावायचा नाही. आणि दारापुढे आम्ही वाकणार नाही! राजा वाकला की राज्य वाकतं!"

लांबलांबचे नामांकित कारागीर आले. एकानं चौकटीला मखमलीची गादी बांधली. त्यामुळे दार आणखीच बुटकं झालं. महाराज आपटले ते मऊ आपटले, पण पगडी गादीला अडकून बाहेरच राहिली. दुसरा जयपूरचा संगमरवरवाला. त्यानं महाराजांचे जोडे काढले, पगडी काढली, तरी चार बोटं उंची उरलीच. मग तो सुतळी घेऊन महाराजांची मान मापायला लागला! दिवाणजींनी त्याला दंडाला धरून बाजूला बसवलं.

महाराज खवळले. "हे दार कुणी केलं?"

"हैबती सुताराच्या पणज्यानं, सरकार," दिवाणजी म्हणाले.

"मग हैबतीला धरून आणा! आम्हाला एकदा लागलं की त्याचं डोकं त्याच जागी दोनदा आपटा!"

बिचारा हैबती! दिवस मावळेपर्यंत त्याच्या कपाळाचा पार फणस झाला. झोकांड्या खात घरी आला, तर स्वतःच्या दारावर आपटला तो वेगळाच.

त्याची लेक गोजरा हळदीचा लेप लावता लावता रडली, आणि रडून झाल्यावर भडकली.

"दार केलं पणज्यानं आन् डोकं फुटतंय तुमचं! उद्या मी येते तुमच्यासंगं."

"पोरी, सत्तेपुढं शहाणपण चालत न्हाई."

"न चालू दे! पर तुमचं कपाळ आणखी एक दिस टिकंल का, आबा?"

सकाळी गोजरा दरबाराच्या दारात उभी राहिली.

"म्हाराज, तुमचं डोकं आपटायचं न्हाई, असं करते. चौकटीला, फरशीला, तुमच्या मानंला, कशालाच हात लावणार न्हाई. पर मग आबांना सोडायचं!"

"कबूल! पण नाही जमलं, तर बापलेक दोघांची डोकी आपटू."

"चालंल. जामदारखान्याची किल्ली तेवढी द्या."

जामदारखान्यातल्या मौल्यवान चीजवस्तूंतून ती काहीतरी पदराखाली झाकून घेऊन आली. दरबारात, दाराच्या अगदी समोर तिनं चौरंग मांडला, वर वस्तू ठेवली, फुलं वाहिली आणि बाजूला झाली.

"या, म्हाराज!"

महाराज मान ताठ करून निघाले. दरबाऱ्यांनी डोळे मिटले. हैबतीनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

आवाजच आला नाही!

लोकांनी डोळे उघडले, तर महाराज आत! चौरंगावर पणजोबांच्या चंदनी पादुका होत्या. त्या दिसताच महाराजांचे हात आपोआप जोडले गेले, ते कमरेत वाकले आणि तसेच आत जाऊन पादुकांना हात लावून उभे राहिले होते.

"सरकार वाकले!" दिवाणजी ओरडले आणि त्यांनी जीभ चावली.

"कोण वाकलं?" महाराज गरजले. "पणजोबांपुढे काय खांबासारखं उभं राहायचं?"

"तेच म्हणते मी," गोजरा म्हणाली. "दारापुढं कुठं वाकलात?"

महाराज थबकले. मग मिशीला पीळ देत म्हणाले, "आत आलो खरे. पण बाहेर पडताना? तेव्हा पादुका मागे राहणार. मग कसं गं?"

"म्हंजे? थोरल्या म्हाराजांना पाठ दावून जाणार व्हय तुम्ही?"

महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला! देवापुढून निघतात तसे ते हात जोडून, वाकून, एकेक पाऊल मागे सरकत निघाले. डोकं सुखरूप बाहेर आलं. पाठीमागे जयपूरवाला फरश्यांचे नमुने घेऊन उभा होता. त्याला राजाचं बूड असं काही लागलं, की तो नमुन्यांसकट थेट जिन्याखाली!

दरबार श्वास रोखून उभा. आणि महाराज खो खो हसत सुटले.

"शाब्बास, पोरी! हैबती सुटला! आता तुला काय हवं ते माग!"

"आमच्या घराचं दार हातभर उंच करू द्या, म्हाराज."

"आणि कायदा? आम्ही पादुका ठेवल्या, तशा तुम्हीही ठेवा की तुमच्या पणज्याच्या!"

"कुठनं ठेवू, म्हाराज?" गोजरा म्हणाली. "त्यो जल्मभर अनवाणी हिंडला!"

महाराजांना इतकं हसू फुटलं, की त्यांना उंबरठ्यावरच बसावं लागलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराला दिलं आणि डोळे पुसत फर्मावलं, "ज्यांचे पणजे अनवाणी होते, त्या सगळ्यांची दारं उंच करा! आणि काम हैबतीकडेच द्या!"