कासारणीची सर्दी

एका गावात भागूबाई नावाची कासारीण राहत होती. माघातली लग्नसराई आली की तिला मान वर करायला फुरसत नसे. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरायचं आणि बायकांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवायच्या. बिचारीचं अंग नुसतं आंबून गेलं होतं.

त्यातच एके सकाळी तिचं नाक गळू लागलं. "ताप कुठे आहे? तापाशिवाय का दुखणं दुसऱ्याला लागतं?" असं म्हणून ती तशीच निघाली. साऱ्या गावाचीच ही समजूत, तिला एकटीला काय बोल लावायचा! नाक पुसावं आणि त्याच हातानं पुढचीचा हात धरावा. शिंक आली तर समोरचीच्या तोंडावर.

आठवडा सरला नाही तोच वरची आळी खोकू लागली. तिथल्या म्हाताऱ्या गोदूआजीनं तर अंथरूण धरलं. खालच्या आळीत भागूबाई गेलीच नव्हती, तिथे सगळे ठणठणीत. हे ध्यानात आलं आणि खोकला आपल्याच हातांनी पसरला, हे तिला उमगलं.

तेवढ्यात खालच्या आळीतून सरूबाईचं बोलावणं आलं. तिच्या सुनेला, मंजुळेला, किती वर्षांनी दिवस गेले होते. आज डोहाळजेवण. हिरवा चुडा कासारणीनंच भरायचा, अशी रीत; नाही म्हणवेना म्हणून भागूबाई गेली. मंजुळेनं हौसेनं हात पुढे केला. भागूबाईचं नाक अजून वाहत होतं. ती मागे सरली.

"अगं, धर की हात!" सरूबाई म्हणाली.

"नको वहिनी. वरच्या आळीत खोकला मीच वाटत फिरले. या पोटुशीला नाही द्यायची मी."

"शुभ कार्यात असलं अभद्र बोलतेस? चालती हो! पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

भागूबाईनं टोपली उचलली. भांडायचं त्राण होतं कुणाला? घरी येऊन ती आडवी झाली. गोदूआजी मात्र त्या दुखण्यातून उठली नाही.

चैत्रात मंजुळा सुखरूप बाळंत झाली. सरूबाई स्वतः भागूबाईच्या दारी आली. "वरच्या आळीची दशा पाहिली. चुकले गं बाई," ती म्हणाली. "तुझ्यामुळे माझं घर वाचलं."

भागूबाईच्या डोळ्यांना धार लागली. "वहिनी, त्या वेळी आठवडाभर आधी ही अक्कल सुचली असती, तर आमची गोदूआजी आज असती."

तात्पर्य: सर्दी पसरायला तापाची वाट पाहत नाही, नाक गळू लागताच काम बाजूला ठेवून लोकांपासून लांब राहावं, कारण आपलं किरकोळ दुखणं दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.